पणजोबांची 'फारखती': घटस्फोट की कर्जफेड?

पाटावरवंटा | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, एका शब्दावरून घरात गोंधळ उडालाय, मदत हवी आहे.

गावचं घर (श्रीगोंदा तालुका) उतरवायला काढलंय. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत कागदांचं एक बोचकं निघालं. बहुतेक मोडी, आम्हाला कोणाला येत नाही. पण एका कागदाच्या डोक्यावर कोणीतरी नंतर पेन्सिलीने बाळबोधमध्ये लिहून ठेवलंय: 'फारकत, सन १९३१'. खाली एका बाईचा अंगठा. तेवढं पाहून आमची आत्या (वय ८०) एकदम गप्पच झाली. मग दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्या पणजोबांचं आधी एक लग्न झालेलं होतं. पहिलीला फारकत दिली. जाताना तिनं दावणीचं खोंड सोडून नेलं. माझी आजी त्या खोंडासाठी मरेपर्यंत हळहळायची."

म्हणजे माझ्या पणजीला सवत होती हे आत्याला गेली कित्येक वर्षं माहीत, आणि आम्हाला आज कळतंय!

पण माझ्या वकील मित्राने फोनवर ऐकून सांगितलं की फारकत आणि फारखत हे दोन वेगळे शब्द असू शकतात, घाई करू नका. खरं काय? कागदाचा फोटो टाकतोय. नावं झाकली आहेत, कारण त्या घरातले लोक अजून गावात आहेत.

उंबरठा | शनिवार, रात्री १०:२०

पोटगीत खोंड! कौटुंबिक न्यायालयाने याचा विचार करावा.

(सॉरी. धागा वाचतोय.)

शब्दखोर | शनिवार, रात्री १०:५१

शब्द मुळात एकच आहे, त्याचं पुढे काय झालं ही गंमत आहे.

अरबी 'फारिग' म्हणजे मोकळा, हातचं काम संपलेला. 'मी या कामातून फारीग झालो' असं जुनी माणसं अजून म्हणतात. त्याला 'खत' जोडा, खत म्हणजे लिहिलेला कागद. फारिग-खत, फारिगखती, आणि बोलता बोलता फारखत, फारखती. अर्थ, मोकळं केल्याचा कागद. तुझ्याकडे माझं काही येणं राहिलं नाही, असं धनकोने ऋणकोला लिहून देणं. १८५५ साली विल्सन नावाच्या इंग्रजाने हिंदुस्थानातल्या महसुली आणि न्यायालयीन शब्दांचा जो मोठा कोश छापला, त्यातही हा शब्द आहे. हिंदीत फारखती अजूनही दोन्ही अर्थांनी आहे, गुजरातीत फारगती आहे.

आता नवरा-बायको. तिथेही एकाने दुसऱ्याला 'माझा तुझ्यावर हक्क नाही' असं लिहूनच द्यायचं. म्हणून तोच शब्द तिकडेही गेला, आणि मराठीत तिकडचाच होऊन बसला. ख चा क झाला, खत विसरलं गेलं, फक्त तुटणं राहिलं. आता तर पक्षसुद्धा एकमेकांशी फारकत घेतात. कागद नाही, अंगठा नाही, पत्रकार परिषद घेतली की झालं.

काही जण फारकतचा संबंध 'फुरकत' म्हणजे विरह या शब्दाशी लावतात. ऐकायला गोड आहे, मला पटत नाही. विरहाला साक्षीदार लागत नाहीत.

माडापल्याड | शनिवार, रात्री ११:३०

गोव्यातून. आमच्या घरच्या पोर्तुगीज कागदांत याला 'कितासांव' आहे. इंग्रजी क्विट त्याच घराण्यातला. लॅटिनमध्ये हिशेब चुकता झाला की 'क्विएतुस एस्त' लिहायचे, म्हणजे हा आता शांत आहे, निवांत आहे. तुमचा फारिगसुद्धा निवांतच ना? दोन टोकांच्या दोन भाषांना कर्ज फिटल्यावर पहिली झोपच आठवली.

काळाकोट | रविवार, सकाळी ८:०५

फोटो झूम करून पाहिला. मला मोडी येत नाही, पण वकिलाची नजर आधी तिकिटावर जाते. डाव्या कोपऱ्यात एक आण्याचं तपकिरी तिकीट आहे, पंचम जॉर्जचं डोकं, त्यावरून आडवी शाई गेलीय. १८९९ च्या मुद्रांक कायद्यात वीस रुपयांवरच्या पावतीला एक आणा लागायचा. काडीमोडीच्या कागदाला पावतीचं तिकीट कोण लावेल? पैसे मिळाल्याचा कागद आहे हा. आत्यांना सांगा, धीर धरा.

बोरूवाला कुठे आहेत? त्यांना हाक मारा कोणीतरी.

बोरूवाला | रविवार, दुपारी १:४०

आलो. जेवण झाल्यावर बसलो, तासभर गेला. अक्षर चांगलं आहे, कुलकर्ण्यांचं असावं, पण मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे एकदोन जागा अडल्या. पेन्सिलवाल्याने 'फारकत' लिहिलंय ते त्याच्या काळच्या जिभेने. मूळ कागदात दोन ठिकाणी शब्द आहे आणि दोन्ही ठिकाणी स्पष्ट ख आहे. मजकूर असा:

"रा. रा. ———— यांसी, गं. भा. ———— कोम ———— हिने कारणे फारखती लिहून दिली ऐसी जे, तुम्ही सन १९२२ चे एप्रिल माहे आम्हांपासून रुपये २७५ दरमहा दरशेकडा रुपया १ प्रमाणे व्याजाने घेतले होते. त्याचे आज तारखेस मुद्दल रुपये २७५ व व्याज रुपये २७५ मिळून रुपये ५५० येणे. पैकी रोख रुपये ३४० व एक खोंड तांबडे वय वर्षे ३ किंमत रुपये ६० मिळोन रुपये ४०० भरून पावलो. बाकी रुपये १५० राजीखुशीने सूट दिली. खत फाडून दिले. आता तुम्हांकडे आमचे काही एक येणे राहिले नाही. तक्रार नाही. फारखती लिहून दिली. ता. १४ माहे एप्रिल सन १९३१ इसवी."

खाली बाईच्या डाव्या हाताचा अंगठा. साक्षीदार दोन. एकाची सही, दुसऱ्याची निशाणी नांगर (सही न येणारा शेतकरी नांगराचं चित्र काढायचा). 

आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. इथे कोमपुढे तुमच्या पणजोबांचं नाव नाही, दुसऱ्याच पुरुषाचं आहे. शिवाय बाईमागे गं. भा. आहे. गंगाभागीरथी, म्हणजे विधवा. नवरा समोर उभा राहून कागद घेतोय आणि बायको स्वतःला विधवा लिहवून घेतेय, असं होत नाही हो.

उंबरठा | रविवार, दुपारी १:४४

खोंड सापडलं!!!

पाटावरवंटा | रविवार, दुपारी २:१५

अंगावर काटा आला. बोरूवाला, साष्टांग. 'तांबडं' पण जुळतंय. आत्या म्हणते तिची आजी त्याला हरण्या म्हणायची. म्हणजे पणजी १९३१ मधल्या सावकारणीवर चिडलेली होती आणि पुढच्या पिढ्यांनी तिला सवत करून टाकलं. पेन्सिलवाला बहुतेक आमचा चुलत आजोबा. त्याला अंगठा बाईचा दिसला, शब्द फारकत वाटला, झाला इतिहास तयार.

आत्याला अजून सांगितलेलं नाही. ती आत्ता झोपलीय.

एक प्रश्न: विधवा बाई सावकारी करायची?

दुष्काळी | रविवार, दुपारी ३:३०

करायच्या की. हातातले चार पैसे गावातच ओळखीने व्याजाने लावायचे, जमीन कसायला माणूस नसेल तर तेवढंच उत्पन्न. वर्षाला शेकडा बाराच्या व्याजाला सावकारी म्हणायचं तर बाकीच्यांना काय म्हणायचं, हाही प्रश्नच आहे.

मला दुसरंच दिसलं. हिशेब करा. २७५ रुपयांवर शेकडा महिना एक रुपया म्हणजे महिन्याला पावणेतीन रुपये. एप्रिल २२ ते एप्रिल ३१, नऊ वर्षं, १०८ महिने. व्याज होतं २९७ रुपये. कागदावर आहे २७५. बावीस रुपये कुठे गेले?

दामदुपट! एका वेळेला मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही, हा धर्मशास्त्रातला जुना नियम. मुंबई इलाख्यात इंग्रजांची न्यायालयंही तो हिंदू ऋणकोंना लावायची. व्याज २७५ वर येऊन थांबलं ते म्हणूनच. त्या कुलकर्ण्याला हा नियम पाठ होता.

आणि याच्या उलटं काय चालायचं तेही सांगतो, कारण आपण त्याच भागातले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं. हेतू कुळाला वाचवण्याचा. झालं असं की दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल अधिक व्याज बेरीज करून त्याचंच नवं मुद्दल लिहून घ्यायचा, आणि दामदुपटीचं घड्याळ पुन्हा शून्यावर. पैसे दिले तरी पावती नाही. जुनं खत परत नाही. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि मग पुणे नि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झालं. त्यांनी सावकारांच्या घरातून आधी काय मागितलं? वह्या आणि खतं. ती चौकात जाळली. कर्ज कागदात राहतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांना फारखती कोणी देत नव्हतं, म्हणून त्यांनी ती आगीकडून घेतली.

मग चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. त्यात शेतकऱ्याला लेखी पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. तुमच्या पणजोबांच्या वेळी तो लागू होता.

काळाकोट | रविवार, संध्याकाळी ६:२०

दुष्काळी, बावीस रुपये भारी पकडलेत. टोपी काढली.

आता 'बाकी १५० सूट दिली' याबद्दल, कारण कायद्याच्या दृष्टीने या कागदाचा जीव त्या एका ओळीत आहे. ५५० येणं असताना ४०० घेऊन बाईने सोडलं. उद्या ती फिरली असती आणि १५० मागितले असते तर?

इंग्लंडात असती तर मिळायची शक्यता होती. तिथे १६०२ च्या पिनेल खटल्यापासून नियम असा की थोडी रक्कम दिल्याने पूर्ण कर्ज फिटत नाही. १८८४ च्या फोक्स विरुद्ध बिअर मध्ये तर धनको बाईच होत्या. डॉक्टर फोक्सनी हप्त्याने सगळी रक्कम फेडली, व्याज मागणार नाही असं बाईंनी लिहूनही दिलं होतं, तरी नंतर त्यांनी व्याजाचा दावा लावला आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मान्य केला. पण पिनेलमध्येच एक पळवाट आहे. पैशाऐवजी घोडा, ससाणा किंवा झगा दिला आणि धनकोने तो घेतला, तर कर्ज फिटलं! कारण त्या वस्तूची धनकोला किती गोडी ते कोर्टाने मोजायचं नाही. म्हणजे हरण्याने इंग्लंडातसुद्धा पणजोबांना सोडवलं असतं.

आपल्याकडे एवढा खटाटोप नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ६३ सरळ आहे: ज्याचं येणं आहे तो ते पूर्ण सोडू शकतो, अंशतः सोडू शकतो, मुदत वाढवू शकतो, किंवा त्याला जे चालेल ते बदल्यात घेऊ शकतो. मोबदल्याचीही गरज नाही. कायद्यातच उदाहरण आहे, पाच हजारांच्या जागी दोन हजार घेऊन 'फिटलं' म्हटलं की फिटलं.

आता गोंधळ होतो ती जागा. मुद्रांक कार्यालयात आज 'रिलीज डीड' म्हणजे लोक हक्कसोडपत्र समजतात, बहिणीने भावाच्या नावे लिहून दिलेलं. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या अनुच्छेद ५२ ची व्याख्या मात्र दोन पायांवर उभी आहे: माणसावरचा दावा सोडणं किंवा ठरावीक मालमत्तेवरचा दावा सोडणं. फारखती हा पहिला पाय. तो आपण विसरलो, दुसऱ्यावरच सगळे उभे आहेत. तुमच्या कागदात पावतीही आहे आणि सूटही. काटेकोर बघितलं तर दीडशेच्या सुटीला वेगळा मुद्रांक लागला असता, कुलकर्ण्याने एका आण्यात भागवलं. चालायचंच.

शब्दखोर | रविवार, संध्याकाळी ७:०२

कोणी 'भरून पावलो' कडे पाहिलं का? आज नातवाने पाय दाबले की आजोबा 'भरून पावलो' म्हणतात, किंवा कोणी डोकं फिरवलं की आपण हात जोडून म्हणतो, 'भरून पावलो रे बाबा!' आणि इथे बघा, ते शुद्ध हिशेबाचं वाक्य आहे. पूर्ण रक्कम मिळाली. खरेदीखतात अजूनही तसंच लिहितात, 'भरून पावलो, तक्रार नाही.' धन्यता आधी रुपयांत मोजली गेली.

सांजवात | रविवार, रात्री ९:१५

सुंदर धागा, वाचनखूण साठवली. पण माझा प्रश्न आजचा आहे. सासऱ्यांनी सोसायटीचं पीककर्ज फेडून दोन वर्षं झाली, सातबाऱ्यावर बोजा तसाच. तलाठ्यांनी 'बेबाकी आणा' सांगितलं. मला हिंदीतलं बेबाक माहीत, निर्भीड. म्हणजे नेमकं काय आणू? आणि माझ्या भावाचं गृहकर्ज फिटलं तर बँक कागद द्यायला महिनोन्महिने फिरवतेय.

खिडकीक्रमांक३ | रविवार, रात्री १०:०८

निवृत्त आहे, जिल्हा बँकेत अख्खी नोकरी गेली, तेव्हा हे माझ्याकडे.

बेबाकी म्हणजे बे-बाकी. बाकी नाही. हिंदीतला निर्भीड बेबाक वेगळा, त्यातला 'बाक' म्हणजे भीती. आमच्याकडे एक शिकाऊ मुलगा विचारायचा, साहेब यांना निर्भयतेचा दाखला द्यायचा का? मी म्हणायचो, दे, कर्ज फिटलेला माणूस निर्भयच असतो. सरकारी कागदात त्याला 'नादेय प्रमाणपत्र' म्हणतात, गावात कोणी म्हणत नाही.

ताई, तुम्ही असं करा. सोसायटीच्या सचिवाकडून बेबाकी दाखला घ्या, बोजा बँकेच्या नावाने असेल तर बँकेचं बोजा कमी करण्याचं पत्रही घ्या. अर्जासोबत तलाठ्याकडे द्या (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण तलाठी म्हटलं तरी ओळखतात). त्यावरून फेरफार (बदलाची नोंद) पडतो, गाव नमुना ६ मध्ये. मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर केला की मगच सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' मधून बोजा जातो. दाखला घरात ठेवून बसलात तर बोजा आपोआप जात नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत की वडिलांनी फेडलेलं, दाखला पेटीत, आणि मुलाला नवं कर्ज नाकारलं. तगाईच्या (सरकारी शेतीकर्जाच्या) नोंदी तर आजोबांच्या वेळच्या अजून निघतात. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत अशा कालबाह्य नोंदी काढायला घेतल्या होत्या, तिथेही विचारा.

भावाला सांगा: रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकात हा नियम घातला. वैयक्तिक कर्ज, त्यात गृहकर्ज येतं, पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना लागू. तोंडी वाद घालू नका, परिपत्रकाची तारीख घालून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गहाणखत नोंदवलेलं असेल तर उलट दस्त म्हणजे रिकन्व्हेयन्स डीडही नोंदवून घ्या.

आणि एक. तडजोड करून, म्हणजे पणजोबांसारखं ५५० चे ४०० देऊन कर्ज मिटवलंत तर पत अहवालात 'क्लोज्ड' येत नाही, 'सेटल्ड' येतं. कलम ६३ ने कर्ज फिटतं, पण पुढची बँक ते वाचून तोंड वाकडं करते. त्या बाईने निदान असा शेरा मारला नाही.

दुष्काळी | रविवार, रात्री १०:४०

शब्दांचा विषय आहे म्हणून टोचतो. 'कर्जमाफी' म्हणू नका. माफी गुन्ह्याची असते. शेतकरी संघटनेवाले पहिल्यापासून 'कर्जमुक्ती' म्हणत आले. सरकारने २०१९ च्या योजनेच्या नावात तो शब्द घेतला, बातम्यांत मात्र माफीच राहिली.

उंबरठा | रविवार, रात्री १०:४६

बाईने सूट दिली, सरकार माफी देतं. शब्दावरून माणूस कळतो.

दुष्काळी | रविवार, रात्री १०:४९

उंबरठा, पहिल्यांदाच कामाचं बोललास.

सांजवात | सोमवार, सकाळी ९:३०

खिडकीक्रमांक३ काका, अर्ज लिहून काढला. पोच घेते. आभार.

पाटावरवंटा | सोमवार, रात्री ९:५५

अपडेट देतो, मग धागा तुमचा.

काल रात्री बोचकं पुन्हा उलगडलं, कारण 'खत फाडून दिले' हे डोक्यात बसलं होतं. फारखतीच्याच घडीत एक दुसरा कागद होता, आम्ही तो चिटोरा समजून बाजूला टाकलेला. बोरूवालांना फोटो पाठवला. तेच १९२२ चं खत! पाठीमागे १९२५ आणि १९२८ चे 'बाकी कबूल' असे दोन शेरे आहेत. मात्र कुठेही मुद्दल वाढवलेलं नाही, दोन्ही वेळा २७५ च लिहिलंय. खालचा कोपरा, जिथे पणजोबांचा अंगठा असणार, तेवढाच फाडून काढलाय. बाकी कागद धड आहे.

आज आत्याला सगळं वाचून दाखवलं. सवत नव्हती, विधवा सावकारीण होती, हरण्या साठ रुपयांत धरला, आणि तिने दीडशे रुपये सोडले. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दीडशे सोडले होय. हे आजी कधी बोलली नाही."

मी म्हटलं, दोन्ही कागद आता फ्रेम करून पुण्याच्या घरी लावतो. तर तिने माझ्या हातातून घेतले, जशा होत्या तशाच घड्या घातल्या आणि पेटीत ठेवून वर कुलूप लावलं.

"भिंतीवर काय लावतोस? पेटीत असू दे. उद्या कोणी मागायला आलं तर दाखवायला नको?"